सुट्टी द्यायचीच तर बुधवारी द्या

इंधन वाचवायचं तर आठवड्यातून आणखी एक दिवस ऑफिसं बंद ठेवा, म्हणजे चार दिवसांचा आठवडा करा, असं सुचवलं जातं. आधी एक हिशोब बघा. इंदूरहून ओंकारेश्वर जेमतेम ऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे साठ. साधारण चारचाकी लिटरला सोळा किलोमीटर देते असं धरलं तर दहा लिटर पेट्रोल लागतं. आता सुदामा नगरातून पलासियाकडे स्कूटरवर ऑफिसला जाणारा माणूस घ्या. आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. स्कूटर लिटरला पन्नासच्या आसपास देते, म्हणजे दिवसाचा खर्च लिटरचा तिसरा हिस्सा. त्याला आठवड्यातून एक दिवस जादा सुट्टी दिली, तर त्याच्या रोजच्या जाण्यायेण्यातून दहा लिटर वाचायला तीस आठवडे लागतील. आणि ते तीस आठवड्यांचं पेट्रोल ओंकारेश्वरची एक सहल एका दिवसात पिऊन टाकेल. गाडीत चौघं असतात, त्यातले दोघं नोकरदार असतील, हे मान्य. मग पंधरा आठवडे म्हणा.

तेल महागलं किंवा कुठे आखातात युद्धाची ठिणगी पडली, की चार दिवसांच्या आठवड्याची चर्चा सुरू होते. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, त्यामुळे ही काळजी खरीच आहे. मध्य प्रदेशात तर पेट्रोल २०२१ पासून लिटरला शंभर रुपयांच्या खाली उतरलेलंच नाही. ऑफिसं एक दिवस बंद ठेवली की रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, इमारतीतले एसी बंद राहतील, लोकांना विश्रांती मिळेल, असं ऐकायला फार सोयीचं वाटतं. मला यात एकच म्हणायचं आहे. विश्रांतीसाठी सुट्टी हवी असेल तर ती विश्रांतीच्या नावाने मागा, ती मागणी रास्त आहे. पण इंधनाच्या नावाने सुट्टी द्यायची असेल, तर ती कुठल्या वारी आणि कामाचे तास कुठून कुठपर्यंत, हे इंधनाच्या सोयीने ठरलं पाहिजे, आपल्या सोयीने नव्हे. आणि आपली सोय म्हणजे शुक्रवार किंवा सोमवार.

शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी मिळाली की इंदूरकर घरी बसत नाही. मांडू आहे, महेश्वर आहे, पावसाळ्यात पाताळपाणी आणि तिंछाचा धबधबा आहे. उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराजवळचा ‘महाकाल लोक’ हा परिसर उघडल्यापासून तिथली गर्दी ज्याने पाहिली, त्याला वेगळं सांगायला नको. सोमवारची सुट्टी दिली तर काय होईल, हे श्रावणातल्या कुठल्याही सोमवारी उज्जैनच्या रस्त्यावर जाऊन बघावं. यात कुणाचा दोष नाही. देवदर्शनाला जाणं, मुलांना नर्मदा दाखवणं चांगलंच आहे. पण सरकारने ते ‘इंधन बचत’ या शीर्षकाखाली मांडू नये.

म्हणून बुधवार. दोन दिवस काम, एक दिवस सुट्टी, दोन दिवस काम, मग शनिवार-रविवार. बुधवारी एकाच दिवसासाठी कुणी मांडूला मुक्कामाला जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते, मुलांची शाळा तर त्या दिवशीही असते. माणूस घरची राहिलेली कामं करतो, बँकेत जातो, दुपारी झोपतो. बुधवार गणपतीचा वार, तेव्हा खजरानाच्या गणेश मंदिरात गर्दी वाढेल अशी शंका एका मित्राने काढली. वाढेल. पण खजराना शहरात आहे.

याची नोकरदारांना चीड येईल, हे मला ठाऊक आहे. मधल्या वारची सुट्टी कुणालाच आवडत नाही. आईवडील खंडव्याला किंवा जळगावला असतील तर तीन दिवसांच्या सुट्टीत जाऊन येता येतं, बुधवारी येत नाही. ही अडचण खरी आहे. माणसाला विश्रांतीसाठी जी सुट्टी लागते तिच्यात पेट्रोल जळतं, आणि ज्या सुट्टीत पेट्रोल वाचतं ती माणसाला फारशी नको असते. दोन्ही हेतू एकाच फायलीत घातले की शेवटी शुक्रवारच मंजूर होणार आणि बचतीचा आकडा कागदावर राहणार.

बाहेरच्या देशांचे दाखले देताना आपण हा फरक नेमका विसरतो. ब्रिटनने १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ या काळात उद्योग-व्यापाराला आठवड्यातून फक्त तीन दिवस वीज दिली, त्याच संकटात टीव्हीचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद केले. खाणकामगारांच्या आंदोलनामुळे वीज केंद्रांपुढे कोळशाचे साठे पुरवून वापरण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. श्रीलंकेने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची सुट्टी दिली, ती पंपावर पेट्रोलच नव्हतं म्हणून. त्या दिवशी परसात भाजीपाला लावा, असंही सरकारने सांगितलं. व्हेनेझुएलात २०१६ साली वीज देणाऱ्या गुरी धरणाचं पाणी तळाला गेलं, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांचा आठवडा दोन दिवसांवर आणला गेला. लोक घरी गेले आणि घरचे पंखे, एसी, टीव्ही सुरू झाले, ही टीका तिथे लगेच झाली. हे सगळे टंचाईतले उपाय. तेलाच्या टंचाईत सहलीला जायला तेलच नसतं, त्यामुळे सुट्टीतून तेलाची गळती होत नाही. पंपावर तेल मिळतंय, फक्त महाग आहे, अशा वेळी तोच उपाय वेगळा वागतो.

आपल्याशी जुळणारं उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्याचं आहे. २००८ मध्ये, तेल भडकलेलं असताना, तिथल्या गव्हर्नरने सरकारी कार्यालयं सोमवार ते गुरुवार सकाळी सात ते संध्याकाळी सहा चालवून शुक्रवारी बंद ठेवायचं ठरवलं. इमारतींच्या ऊर्जेत वर्षाला ३० लाख डॉलर वाचतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षातली बचत त्याच्या जवळपासही गेली नाही. काही इमारती बंद करताच येत नव्हत्या, आणि तेलाचे भावही थोड्याच दिवसांत उतरले. कर्मचारी खूश होते, शुक्रवारी दार बंद बघून नागरिक वैतागत होते. २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो प्रयोग गुंडाळला. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टच्या जपानी शाखेचं ऑगस्ट २०१९ मधलं उदाहरण नेहमी सांगितलं जातं: पाच शुक्रवार बंद, ऑफिसची वीज २३ टक्क्यांनी कमी. आकडा खरा आहे. पण तो ऑफिसच्या मीटरचा आहे. त्या शुक्रवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्या मीटरवर काय चढलं, ते त्या टक्केवारीत नाही. टोकियोतला ऑगस्ट काही थंड नसतो.

आपला मे महिना तर विचारूच नका. ऑफिसात एका हॉलमध्ये दोन एसी वीस माणसांना पुरतात. तीच वीस माणसं वीस घरांत बसली तर वीस कूलर लागतात, आणि बऱ्याच घरांत आता एसी आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये घरून काम करण्याचा हिशोब मांडला होता. त्यात असं दिसलं की गाडीने सहा किलोमीटरांहून कमी अंतर जाणारा, किंवा बस-रेल्वेने जाणारा माणूस घरी थांबला, तर एकूण उत्सर्जन कमी होण्याऐवजी थोडं वाढूही शकतं. हा हिशोब चारचाकीचा आहे. आपल्याकडे ऑफिसला जाणारी गाडी बहुधा दुचाकी असते, ती चारचाकीच्या तिसरा हिस्सा पेट्रोल खाते. मग सहा किलोमीटरांची ही सीमा इंदुरात कुठवर सरकेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. शहराचा बराच भाग तिच्या आत येतो.

इंधनाचा दुसरा प्रश्न मोठा आहे, आणि तो सुट्टीच्या चर्चेत कधीच येत नाही. देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. डिझेल जाळतात ट्रक, बस, ट्रॅक्टर. ते ऑफिसला जात नाहीत. पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणात पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींत आणि ३४ टक्के चारचाकींत जातं असं आढळलं होतं. आणि दुचाकीस्वारांतला मोठा हिस्सा दुकानात, साइटवर, डिलिव्हरीवर, कारखान्यात जाणाऱ्यांचा आहे. त्यांना कुणी बुधवार देणार नाही आणि शुक्रवारही देणार नाही. म्हणजे डिझेल वगळलं, रोजंदारीवाले वगळले, दुकानदार वगळले, मुलांना शाळेत सोडायला बापाला सुट्टीच्या दिवशीही स्कूटर काढावी लागते ते वगळलं, की उरतं काय? सरकारी दफ्तरं, बँकांची मुख्यालयं, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्या. एवढ्या पट्ट्यात वाचेल तेवढंच वाचणार. ते शून्य नाही, पण त्याला राष्ट्रीय ऊर्जा धोरण म्हणू नये.

विजेचंही तसंच. मध्य प्रदेशची विजेची सर्वाधिक मागणी उन्हाळ्यात नव्हे, डिसेंबर-जानेवारीत असते. दिल्लीवाल्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. रब्बीच्या गव्हाला पाणी द्यायला माळव्यापासून नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत पंप चालू होतात आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याची मागणी १८ हजार मेगावॉटच्या पुढे गेली. त्या पंपांना कुठलाच शनिवार नाही. खुद्द इंदूरचं पाणी घ्या. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर, विंध्याची चढण चढवून शहरात आणावं लागतं, आणि महापालिकेच्या वीजबिलातला सगळ्यात मोठा आकडा हाच आहे. तो कमी करण्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढले आणि जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. ऑफिसं चार दिवस चालोत की सहा, माणसं आंघोळ रोज करणार. त्यामुळे हा एक प्रकल्प शहरातल्या सगळ्या दफ्तरांना बुधवार-शुक्रवार कुलूप लावण्यापेक्षा जास्त वाचवेल, असं मी बेधडक म्हणतो.

तरीही मी चार दिवसांच्या आठवड्याला सरसकट नाही म्हणत नाही. त्यात एक चांगली गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे कामाचे तास हलवण्याची संधी. आणि नेमकी तीच आपण घालवू असं दिसतं.

चाळीस तासांचे चार दिवस केले की दिवसाला दहा तास. आपल्याकडे दफ्तर दहाला उघडतं. कागदावर दहाला, कुलूप साडेदहाला निघतं, हा भाग वेगळा. तास वाढवायचे म्हटलं की कुणीही सकाळ अलीकडे ओढणार नाही, संध्याकाळच पुढे ढकलली जाईल. म्हणजे दहा ते आठ. आता विजेचा हिशोब बघा. दुपारी अकरा ते तीन सौर वीज भरपूर असते. गावोगावच्या गच्चीवर पॅनल आहेत, नीमच-रीवाच्या मोठ्या प्रकल्पांतून वीज येते. सूर्य मावळला की ती संपते आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, गीझर, मिक्सर सुरू होतात. ती कमतरता कोळशाच्या केंद्रांनी भरून काढायची असते. म्हणूनच केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि उन्हाच्या तासांतली वीज १० ते २० टक्के स्वस्त, सर्वाधिक मागणीच्या तासांतली तेवढीच महाग, अशी रचना आणली. दहा ते आठच्या आठवड्यात आपण काय करतो? बुधवारची दुपारची स्वस्त, उन्हाची वीज न वापरता सोडून देतो आणि बाकीच्या चार दिवसांत संध्याकाळी सहा ते आठची महाग, कोळशाची वीज ऑफिसातही जाळतो, घरातही जाळतो. युनिट कदाचित कमी होतील, कोळसा कमी होईलच असं नाही.

युटाने निदान सकाळी सातला सुरुवात केली होती. आपल्याला इतकं नको, पण साडेसात ते साडेपाच का नको? इंदुरात एप्रिल ते जून सकाळचे दोन तास सगळ्यात सुसह्य असतात. इमारत रात्रीतून थोडी थंड झालेली असते, नऊपर्यंत पंख्यावर भागतं. पोहे-जिलेबीवाले सहालाच गाडी लावतात, तेव्हा शहर झोपलेलं नसतं. झोपलेलं असतं ते दफ्तर. एसी २४ अंशांवर ठेवावा ही ऊर्जा दक्षता ब्यूरोची सूचना आहे, आणि एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. दफ्तरातला एसी १८ वरून २४ वर आणायला कुठलीही सुट्टी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, फक्त साहेबाने कोट काढून ठेवावा लागतो.

दहा तासांच्या दिवसाबद्दल बायकांना विचारलं पाहिजे, आणि नियम करणाऱ्या समित्यांत त्या कमी असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या पाहणीत घरकामावर बायका दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. दहा तासांचं काम, तासाभराचा प्रवास आणि त्यावर जवळजवळ पाच तास स्वयंपाक-धुणं-मुलं. बुधवारची सुट्टी तिच्या वाट्याला धुणं-साफसफाईचा दिवस म्हणूनच येईल. पण पुरुषांच्या वाट्याला शुक्रवारची सुट्टी आली, तर घरी तिघांचा जादा चहा-नाश्ता कुणी करायचा, हेही सांगायला नको. सकाळचं दफ्तर झालं तर मुलांचे डबे कोण करणार, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. उत्तर एकच आहे, आणि ते दफ्तराच्या वेळेत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसात आहे. पण घरात ते व्हायची वाट बघत असताना रात्री आठला बस बदलत घरी जाणाऱ्या मुलीपेक्षा साडेपाचला निघणारी मुलगी बरी, एवढं मी म्हणेन.

काउंटरच्या पलीकडच्या माणसाचा विचार तर कुणीच करत नाही. देपालपूर, सांवेरहून माणूस कामासाठी इंदूरच्या सरकारी दफ्तरात येतो. मोटरसायकलवर तीस-चाळीस किलोमीटर. बंद दार बघून परत गेला आणि पुन्हा आला, तर बाबूने वाचवलेला पाव लिटर त्याने दीड लिटरने भरून काढला. लोकसेवांच्या हमीचा कायदा देशात सगळ्यात आधी, २०१० मध्ये, आपल्याच राज्याने केला. त्यातल्या मुदती कामाच्या दिवसांत मोजतात; आठवड्यातला एक दिवस कमी झाला की दाखल्याची तारीख आपोआप पुढे जाते. म्हणून बंद दिवस असला तरी लोकसेवा केंद्राची एक खिडकी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर आपण इंधन वाचवत नाही, त्याचा खर्च दफ्तरातून खेड्याकडे ढकलतो आहोत.

कारखान्यांबद्दल थोडक्यात. इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि बॉयलर एक दिवस थंड करून पुन्हा तापवायला जे जळतं, त्यात बचत फारशी उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे, आणि बारा तासांचे चार दिवस हे गणित त्यात बसवता येतं असं सांगितलं जातं. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या की कंपनीच्या बसच्या फेऱ्या कमी होतील, हा मुद्दा खरा. पण लेथसमोर अकराव्या-बाराव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाचं बोट वाचवण्यापेक्षा बसचं डिझेल महत्त्वाचं आहे असं ज्याला वाटतं, त्याने आधी एक पाळी स्वतः करून पाहावी.

खरं तर इंधन दिवसांत नसतं, अंतरात असतं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्या चालत होत्या तेव्हा कामगारांच्या वस्त्या गिरणीला खेटून होत्या. भोंगा ऐकून माणूस चालत किंवा सायकलवर निघायचा, सहा दिवसांचा आठवडा असून त्याच्या येण्याजाण्याला थेंबभर पेट्रोल लागत नव्हतं. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि शहराच्या रोजगाराची टोकं एकीकडे पिथमपूरला, दुसरीकडे सुपर कॉरिडॉरला गेली. घरं मात्र स्वस्त जमिनीच्या मागे तिसऱ्याच दिशेला. हे अंतर बसने कापलं तर इंधन वाचतं. ए.बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली वाट, २०१३ मध्ये सुरू झाली, रोज पन्नास हजारांहून अधिक लोक तिच्यातून जात होते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीने ती तोडायला सुरुवात झाली. चौकातली कोंडी, अपघात, चुकीची आखणी, तक्रारी अनेक होत्या आणि बऱ्याच खऱ्या होत्या. पण बसची स्वतंत्र वाट काढून घेतली की बस गाड्यांच्या गर्दीत अडकते, आणि अडकलेल्या बसमधला प्रवासी महिन्याभरात हप्त्यावर स्कूटर घेतो. ती स्कूटर मग पाचही दिवस रस्त्यावर येते, सहाव्या दिवशी बायकोला घेऊन सराफ्याच्या खाऊगल्लीत जाते. मेट्रोचा सहा किलोमीटरांचा पहिला टप्पा मे २०२५ मध्ये सुरू झाला, तोही सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या भागात. गर्दीच्या शहराला तिचा उपयोग व्हायला अजून वेळ आहे.

या शहराला प्रतीकात्मक दिवस साजरे करायला आवडतं. २२ सप्टेंबर २०२३ ला ‘नो कार डे’ झाला, फोटो छान आले. १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीविरुद्ध ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या बैलगाडीचा फोटो आजही फिरतो. प्रतीकाची ताकद मी नाकारत नाही. शास्त्रीजींनी १९६५ मध्ये सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. पण त्यांनी धान्य वाचवण्यासाठी सुट्टी दिली नव्हती, जेवण सोडायला सांगितलं होतं. म्हणजे जे वाचवायचं तेच सोडायचं. इंधन वाचवायला सुट्टी देणं हे त्या मानाने जरा आडवळणाचं आहे.

कोविडच्या काळात आपल्या राज्याने सरकारी दफ्तरांना शनिवारची सुट्टी दिली, ती टिकली. महाराष्ट्राने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, रोजची वेळ पाऊण तासाने वाढवली आणि कारणांत वीज-इंधनाची बचतही सांगितली. केंद्राची कार्यालयं १९८५ पासून पाच दिवसांवर आहेत. म्हणजे एक दिवस कमी करण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. चौथ्या पायरीवर उतरण्याआधी पाचवीवरचा हिशोब मांडायला काय हरकत आहे? शनिवार बंद झाल्यावर इमारतींचं बिल किती उतरलं, हे प्रत्येक दफ्तराच्या वीजबिलांच्या फायलीत पडून आहे.

म्हणून माझा प्रस्ताव छोटा आहे. एप्रिल ते जून, फक्त इंदूर शहरातली राज्य सरकारची आणि महापालिकेची मुख्य कार्यालयं, बुधवार बंद, बाकी दिवस साडेसात ते साडेपाच. लोकसेवेची खिडकी उघडी. बुधवारी इमारत बंद म्हणजे खरंच बंद: साहेबांच्या केबिनचा एसी ‘फाइल संपवायची आहे’ म्हणून सुरू राहणार नाही, सरकारी गाड्या आवारातून बाहेर पडणार नाहीत. आयटी कंपन्यांना यात ओढायची गरज नाही. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं आणि कुठले दोन, हे प्रत्येक टीमसाठी वेगळं ठेवलं, तर ए.बी. रोडला जास्त श्वास घेता येईल.

आणि मोजायचं. इंदुरात स्मार्ट मीटर लवकर आले, पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीकडे तासातासाचा वापर नोंदला जातो. सरकारी वसाहतींतल्या घरांचे बुधवारचे आकडे आणि दफ्तरांचे बुधवारचे आकडे, नाव-पत्ता वगळून, शेजारी शेजारी ठेवायला एक कारकून आणि एक दुपार पुरेल. शहरातल्या पंपांवरची वारागणिक विक्री तेल कंपन्यांकडे असतेच. जुलैच्या महापालिका परिषदेत हे दोन तक्ते टेबलावर यावेत. दफ्तराने वाचवलेली वीज वसाहतीने खाल्ली असेल आणि बुधवारची पेट्रोलविक्री मंगळवारइतकीच असेल, तर सुट्टी मागे घ्यावी आणि तो उत्साह ए.बी. रोडवर बसला पुन्हा स्वतंत्र रांग कशी द्यायची यावर लावावा. वाचत असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात भोपाळ आणि ग्वाल्हेरलाही बुधवार द्या. शुक्रवार मागायला कर्मचारी संघटना येतीलच. त्यांच्याशी त्या मागणीवर जरूर बोलावं, पण वेगळ्या बैठकीत.